स्लाइडवर किती ओळी असाव्यात? आधी ती कोण, कुठे आणि कुणाशिवाय वाचणार ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहात. देणगी देणाऱ्या कंपनीच्या समितीसमोर दरवर्षी सादरीकरण करावं लागतं. साठेक स्लाइड्स होतात, आणि कार्यक्रम आटोपला की तीच फाइल पीडीएफ करून 'वार्षिक अहवाल' म्हणून सगळ्यांना पाठवली जाते. समितीतले लोक म्हणतात, फार गिचमिड आहे, मुद्दा हाती लागत नाही. तुम्ही टेम्प्लेट बदललंत, रंग बदललेत, तरी तक्रार तीच. म्हणून विचारताय की मराठीसाठी फॉन्ट कोणता घ्यावा, अक्षर किती मोठं असावं आणि एका स्लाइडवर जास्तीत जास्त किती ओळी चालतात. सोबत नमुन्याची एक स्लाइड दिलीत, हे फार बरं केलंत. त्यामुळे हवेत बोलावं लागणार नाही.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं पुढे देतेच. पण तुमची अडचण फॉन्टपाशी सुरू झालेली नाही. एकाच फाइलकडून तुम्ही दोन वेगळी कामं करून घेताय, गिचमिड तिथून येते.

सभागृहात बसलेल्या माणसाचे डोळे पडद्यावर असतात आणि कान तुमच्याकडे. वेग तुम्ही ठरवता. त्याला मागचं पान उलटता येत नाही, शंका आली तरी तो तिथल्या तिथे थांबू शकत नाही. तोच माणूस दोन महिन्यांनी आपल्या टेबलाशी बसून पीडीएफ उघडतो, तेव्हा तुम्ही तिथे नसता. आता वेग त्याचा. त्याला पूर्ण वाक्यं हवीत, आकड्यांची एककं हवीत, मोजमाप कधी आणि कसं केलं ते हवं. दुसऱ्या प्रसंगाला पुरेल इतका मजकूर पहिल्या प्रसंगी नको इतका होतो. पहिल्या प्रसंगाला साजेशी स्लाइड दुसऱ्या प्रसंगी मुकी वाटते. दोघांना सांभाळायला गेलं की दोघांचंही नुकसान होतं.

पडद्यावर परिच्छेद दिसला की लोक तो वाचायला लागतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मनातल्या मनात वाचण्याचा वेग बोलण्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा ते शेवटच्या ओळीवर पोचलेले असतात, आणि मधल्या वेळात तुमचं बोलणं कुणाच्याच कानात शिरलेलं नसतं. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शिकण्याच्या संदर्भात यावर बरेच प्रयोग केले आहेत. चित्र दाखवून तोंडी समजावलं तर लोकांना चांगलं कळतं, तेच बोलणं शब्दन् शब्द पडद्यावर लिहून ठेवलं की समज वाढायच्या ऐवजी बहुतेक वेळा घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. माझा अनुभवही तोच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी स्पष्ट करते. तुमची समिती म्हणजे एका टेबलाभोवती बसलेले चार-पाच जण असतील आणि त्यांच्या हातात कागद देता येत असेल, तर मी स्लाइड्स करूच नका म्हणेन. चार पानांची नीट टिपणी करा, पहिली दहा मिनिटं सगळ्यांना शांतपणे वाचू द्या आणि मग चर्चा करा. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं आणि सलग लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं. पुढे सहा पानांचं टिपण आणि बैठकीच्या सुरुवातीला ते सगळ्यांनी गप्प बसून वाचणं ही तिथली ओळखच झाली. आपल्याकडे सरकारी फायलीवरची टिपणी हेच काम पूर्वीपासून करत आली आहे. लिहिणारा समोर नसताना साहेबांना निर्णय घेता आला पाहिजे, अशाच बेताने ती लिहिली जाते.

समिती मोठी असेल, हॉल असेल, प्रोजेक्टर असेल, तर स्लाइड्स हव्यातच. मग अहवाल वेगळा करा. "दोन दोन कामं कोण करणार?" असं वरिष्ठ म्हणाले तर एक मधला मार्ग आहे. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडखाली नोट्सची जागा असते. स्लाइडवर फक्त आलेख आणि एक वाक्य ठेवा, सविस्तर मजकूर त्या नोट्समध्ये लिहा आणि पीडीएफ करताना नोट्स पेजेस हा पर्याय निवडा. वर स्लाइड आणि खाली तिचं स्पष्टीकरण अशी उभी पानं मिळतात. स्वतंत्र अहवालाची सर त्याला येत नाही, पण सध्याच्या पीडीएफपेक्षा ते कितीतरी वाचनीय असेल.

हे सगळं दिसण्यापुरतं आहे असं कुणाला वाटू नये म्हणून एक उदाहरण देते. मी शिकवताना ते नेहमी घेते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान अवकाशात गेलं. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असताना अभियंत्यांनी संभाव्य नुकसानीचा अंदाज बांधला आणि तो स्लाइड्सवर नासाच्या व्यवस्थापकांपुढे मांडला. त्यातल्या एका स्लाइडच्या शीर्षकाचा सूर दिलासा देणारा होता: उष्णतेपासून बचाव करणाऱ्या टाइल्स भेदल्या जाण्याबाबतचे आपले अंदाज सावध बाजूचे आहेत, असं चाचण्यांवरून दिसतं. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांच्याही खाली आणखी बारीक मुद्दे. आणि अगदी तळाशी एक ओळ होती की प्रत्यक्षातला तुकडा १,९२० घनइंचांचा आहे, चाचणीतला होता ३ घनइंचांचा. म्हणजे ज्या चाचण्यांच्या जोरावर वरचं शीर्षक उभं होतं, त्यांच्यापेक्षा ६४० पट मोठा तुकडा आदळला होता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

अपघात त्या स्लाइडमुळे झाला, असं कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. आघात फोमचा होता, आणि निर्णयांमागे संस्थेच्या कितीतरी सवयी होत्या. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात त्या एका स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा छापली. तांत्रिक टिपणांची जागा स्लाइड्सनी घेणं हे नासातल्या सदोष संवादपद्धतीचं लक्षण आहे, असंही त्यात म्हटलं आहे. मला त्या स्लाइडमधून तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. शीर्षकाने जे सांगितलं त्याच्या उलट तळाच्या ओळीने सांगितलं. सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत गौण जागी गेला. आणि १,९२० व ३ हे आकडे शेजारी असूनही '६४० पट' हा त्यांचा अर्थ कुणी लिहिला नाही.

आता तुमची स्लाइड घेऊ. शीर्षक आहे 'भूजल पातळी निरीक्षण : सद्यस्थिती'. डावीकडे चौदा गावांचा तक्ता, त्यात गेल्या वर्षीचा मे, ऑक्टोबर आणि या वर्षीचा मे अशा तीन रकान्यांत विहिरींच्या पाण्याची खोली. उजवीकडे 'वाढ, घट, स्थिर' असा पाय चार्ट. खाली आठ मुद्दे. वर तीन लोगो, तळाला हिरव्या पट्टीत 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. मी तक्ता ओळीने वाचला, मग मुद्दे वाचले, तेव्हा सातव्या मुद्द्यात सापडलं: 'वरील भागातील ३ गावांमध्ये अपेक्षित वाढ दिसून आली नाही'.

या स्लाइडमधली बातमी ही आहे. अकरा गावांत पाणी वर आलं आणि तीन गावांत आलं नाही, ती तिन्ही गावं माथ्याकडची. समितीला यावरच विचार करायचा आहे, पुढचे पैसे कुठे लावायचे हे यावरच ठरणार आहे. म्हणून तेच शीर्षक करा: 'अकरा गावांत विहिरींचं पाणी वर आलं, माथ्याकडच्या तीन गावांत अजून नाही'. 'सद्यस्थिती', 'आढावा', 'विश्लेषण' हे शब्द विषय सांगतात, स्थिती कशी आहे ते सांगत नाहीत. शीर्षकात क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लिहायचं ठरवलं, की आपल्याला नक्की काय म्हणायचंय हे आपल्यालाच आधी ठरवावं लागतं. त्यात वेळ जातो, पण स्लाइडवरचं खरं काम तेच. वाक्य सुचत नसेल तर ती स्लाइड कशासाठी आहे हे अजून ठरलेलं नाही असं समजावं, आणि बहुतेक वेळा ती गाळली तरी चालते.

कमतरता शीर्षकात टाकली तर देणगीदार नाराज होतील, ही भीती तुम्हाला वाटत असेल. माझं मत उलट आहे. सातव्या मुद्द्यात दडलेली कमतरता एखाद्या सदस्याने शोधून काढली, की त्याचा बाकीच्या साठ स्लाइड्सवरचा विश्वासही डळमळतो. तीच तुम्ही स्वतः पहिल्या वाक्यात मांडलीत, की तो पुढचं सगळं शांतपणे ऐकतो.

पुढची अडचण तक्त्यातल्या आकड्यांची, आणि ती फार महत्त्वाची आहे. तुमच्याकडे ८.२ चं ६.४ झालेलं गाव सुधारलेलं गाव आहे, कारण हे आकडे जमिनीपासून पाणी किती मीटर खाली आहे ते सांगतात. तुम्ही रोज विहिरीत टेप सोडता, तुम्हाला हे सांगावं लागत नाही. कंपनीच्या समितीतल्या माणसाला मात्र आकडा कमी झालेला दिसतो आणि पाणी कमी झालं असं वाटतं. तक्त्यावर 'पाणीपातळी (मी.)' एवढंच लिहिलंय, त्यामुळे त्याचा गैरसमज दूर व्हायला वावच नाही.

यावर उपाय असा: आलेखात शून्य वर ठेवा. एक्सेलमध्ये उभ्या अक्षावर मूल्यं उलट क्रमाने दाखवायचा पर्याय आहे, तो निवडला की शून्याची रेघ वर जाते. तिला 'जमीन' असं नाव द्या. खाली २, ४, ६, ८ मीटर. प्रत्येक गावासाठी दोन ठिपके, गेल्या मेचा फिकट, या मेचा गडद, आणि दोघांना जोडणारी बारीक रेघ. गडद ठिपका फिकट ठिपक्याच्या वर दिसला म्हणजे पाणी वर आलं. काही समजावून सांगावं लागत नाही, कारण चित्र विहिरीसारखंच वरून खाली वाचलं जातं.

मग गावांचा क्रम. तुमच्या तक्त्यात गावं अकारविल्हे आहेत, त्यामुळे ती तीन गावं तीन ठिकाणी विखुरली आहेत आणि त्यांच्यातलं साम्य दिसत नाही. पाणलोटाच्या कामात तुम्ही सगळे 'माथा ते पायथा' म्हणता ना, तोच क्रम आलेखात लावा. डावीकडे माथ्याची गावं, उजवीकडे पायथ्याची. तीन हट्टी गावं लगेच शेजारी शेजारी येतील आणि 'माथ्याकडे अजून पाणी वाढलेलं नाही' हे वाक्य डोळ्यांना आपोआप दिसेल. तक्ता असो वा आलेख, नोंदींचा क्रम हा बोलका असतो. अकारविल्हे क्रम शोधायला सोयीचा, म्हणून अहवालाच्या परिशिष्टात तो राहू द्या.

ऑक्टोबरचा रकाना या स्लाइडवरून काढा. पावसाळ्यानंतरचं पाणी आणि उन्हाळ्याच्या शेवटचं पाणी यांची तुलना इथे करायची नाही, मेची तुलना मेशीच व्हायला हवी. मात्र दोन्ही वर्षांचा पाऊस आलेखाखाली एका ओळीत लिहायला विसरू नका. यंदा पाऊस जास्त झाला असेल तर पाणी बंधाऱ्यांमुळे वर आलं की पावसामुळे, हे कुणीतरी विचारणारच. प्रश्न येण्याआधी ती माहिती समोर असलेली बरी.

पाय चार्टला रजा द्या. चौदापैकी अकरा हे वाक्यात सांगून झालं, त्याला वेगळं चित्र कशाला? शिवाय कोनांची तुलना करण्यात आपली नजर कच्ची असते, एका समान रेघेवरच्या ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची तुलना ती कितीतरी अचूक करते. आलेख कसे वाचले जातात याचा अभ्यास करणाऱ्या क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच प्रयोगांनी हे दाखवून दिलं आहे. दोन किंवा तीन भाग असतील आणि एक बाकीच्यांपेक्षा ठळक मोठा असेल, तेवढ्यापुरता पाय चार्ट मला चालतो.

एवढं केल्यावर स्लाइडवर काय उरलं? एक वाक्य, एक आलेख, पावसाची एक ओळ. आठ मुद्द्यांपैकी पाच तुम्ही तोंडी बोलाल, दोन अहवालात जातील, एक शीर्षक झाला. चौदा गावांचा पूर्ण तक्ता अहवालात, तिन्ही रकान्यांसह, कारण तो शांतपणे बघायचा ऐवज आहे.

तर, ओळी किती? 'एका स्लाइडवर सहा ओळी, ओळीत सहा शब्द' असा नियम प्रशिक्षणांतून सांगितला जातो. त्याला आधार म्हणून कधी कधी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या 'सात, दोन कमी किंवा दोन जास्त' या निबंधाचं नाव घेतात. तो निबंध माणूस क्षणभर मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो याबद्दल आहे, पडद्यावर डोळ्यांसमोर असलेल्या ओळींशी त्याचा संबंध नाही. मी ओळी मोजत नाही. एका स्लाइडवर एकच विधान, एवढं पाळते. शीर्षकात 'आणि', 'तसेच' आले की तिथे दोन स्लाइड्स आहेत. स्लाइड्सची संख्या वाढली तर वाढू द्या, तीस सेकंदांत पुढे जाणारी मोकळी स्लाइड पाच मिनिटं अडून बसणाऱ्या भरगच्च स्लाइडपेक्षा बरी. तरी तुमच्या साठमधल्या बहुतेक अहवालात जातील आणि बोलायला पंधराएक उरतील, असा माझा अंदाज आहे.

अक्षराचा आकार हॉलवर अवलंबून आहे, म्हणून मी आकड्याऐवजी एक चाचणी सांगते. शेवटची रांग पडद्यापासून किती लांब आहे ते बघा आणि त्याला पडद्याच्या रुंदीने भागा. पडदा दोन मीटर रुंद आणि शेवटची रांग आठ मीटरवर असेल तर उत्तर चार. आता तुमच्या लॅपटॉपच्या पडद्याची रुंदी मोजा, ती साधारण ३० सेंटिमीटर भरेल. तिच्या चौपट, म्हणजे १२० सेंटिमीटर मागे उभे राहा. तिथून जे वाचता येतं तेच शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाचता येणार. सदस्य साठीच्या पुढचे असतील तर आणखी दोन पावलं मागे जा. देवनागरीत हा आकार बहुधा २४ पॉइंटच्या खाली जात नाही, २८ असला तर उत्तम. बारा पॉइंटचं रोमन आणि बारा पॉइंटचं देवनागरी शेजारी ठेवून बघा. मात्रा, वेलांट्या, उकार यांना जागा सोडावी लागत असल्यामुळे देवनागरीचं मूळ अक्षर बहुतेक फॉन्टांत लहान दिसतं. इंग्रजी टेम्प्लेटमधले आकार जसेच्या तसे उचलले की मराठी मजकूर बारीक पडतो, तो त्यामुळे.

फॉन्टबद्दल माझी पसंती सरळ आहे. स्लाइड्ससाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही मोफत आहेत, पुरेशा जाडींत मिळतात, आणि मुक्तामध्ये रोमन अक्षरंही त्याच वळणाची आहेत. अहवालाच्या सलग मजकुराला टिरो देवनागरी मराठी वापरून बघा. त्यात आपला मराठी वळणाचा ल आणि श मिळतो, हिंदी वळणाचा नाही. विंडोजमधला मंगल अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी केलेला आहे. पूर्वी तो प्रत्येक विंडोज संगणकावर असायचा, पण विंडोज १० पासून तो ऐच्छिक झाला, आता विंडोजसोबत आपोआप येतो तो निर्मला यूआय. फॉन्ट सोबत नेता येणार नसेल तर निर्मला घ्यावा. एका फाइलमध्ये एकच फॉन्ट, फार तर दोन.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्या आणि बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं हमखास कुठेतरी बिघडतात. ते न करता तुमची फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हं उमटतात, आणि पीडीएफमध्ये गावाचं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही. युनिकोड असलं तरी हॉलमधल्या संगणकावर मुक्ता असेलच असं नाही. पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करायची सोय आहे, ती वापरा, आणि पेनड्राइव्हवर पीडीएफची प्रतही ठेवा.

देवनागरीच्या काही गोष्टी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून इथे जरा थांबते. ओळींतलं अंतर वर्डमध्ये 'एक्झॅक्टली' वर, म्हणजे ठरावीक मापावर बांधून ठेवलं असेल तर वरच्या वेलांट्या आणि अनुस्वार छाटले जातात. 'मूर्तींवर' हा शब्द टाइप करून बघा. त्यात खाली दीर्घ उकार आहे, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र आहेत. तो पूर्ण दिसला तर अंतर पुरेसं आहे. मी त्याऐवजी 'मल्टिपल' हा पर्याय घेऊन अंतर १.२ ते १.३ पट ठेवते. तिरपी अक्षरं देवनागरीत वापरू नका. बहुतेक फॉन्टांत खरी तिरपी अक्षरं नसतातच, सॉफ्टवेअर उभीच अक्षरं ढकलून वाकडी करतं. अधोरेखनही टाळा, ती रेघ नेमकी उकार आणि ऋकारांवरून जाते. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते.

आणि अति जाड अक्षरांपासून जपा. प्रोजेक्टरवर जाड ब च्या पोटातली रेघ भरून जाते आणि तो व दिसतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर असतो, ती फट बुजली की गावांची नावं चुकीची वाचली जातात. शीर्षकाला मध्यम जाडी पुरते, जोर हवा असेल तर आकार वाढवा.

रंगांबाबत थोडक्यात. खिडक्या असलेल्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर पिवळा, पोपटी, फिकट राखाडी हे रंग नाहीसे होतात, म्हणून पांढऱ्यावर गडद अक्षर हेच सुरक्षित. लाल आणि हिरव्यातला फरक काही जणांना दिसत नाही, त्या जागी निळा आणि नारिंगी घ्या. अहवालाच्या एका पानाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. तालुक्याच्या कचेरीत तो तसाच फिरणार आहे, आणि त्यातही आलेख कळला पाहिजे.

अहवालाची रचना हा स्वतंत्र विषय आहे, पण एक गोष्ट शासन निर्णयाकडून शिकण्यासारखी आहे. अनुभवी कारकुनाच्या हातात शासन निर्णय आला की तो 'वाचा' आणि 'प्रस्तावना' ओलांडून थेट 'शासन निर्णय' या मथळ्याखाली जातो. मथळे ठरलेले असतात म्हणून त्याला ते जमतं. तुमच्या वाचकाला तेवढाही प्रवास करायला लावू नका: पहिल्याच पानावर अर्ध्या पानात काय केलं, काय आढळलं आणि समितीकडून काय हवंय ते लिहा. मथळे वर्डच्या हेडिंग स्टाइलने द्या, नुसते ठळक करून नकोत, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मजकूर डावीकडून सरळ ठेवा. दोन्ही कडा जुळवल्या की 'अंमलबजावणीसंदर्भातील' यांसारख्या लांब शब्दांमुळे ओळीत मोठाल्या फटी पडतात. तक्त्यात आकडे उजव्या कडेला, दशांश स्थळं सारखी, एकक रकान्याच्या मथळ्यात, आणि स्वल्पविराम १२,३४,५६७ असे लाख-कोटीचे. तुमच्या तक्त्यात एका गावासमोर ६.४ आणि दुसऱ्यासमोर ६.३८ आहे. मोजमाप एकाच टेपने झालं असेल तर दोन्ही सारखेच लिहा.

फोटोंच्या स्लाइडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती मी आताच गृहीत धरते, कारण अशा सादरीकरणांत ती असतेच. बारा छोटे फोटो एकत्र लावण्यापेक्षा एकच जोडी मोठी दाखवा: तोच नाला, त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, काम होण्याआधी आणि नंतर. खाली गाव आणि महिना-वर्ष. पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो परिशिष्टात.

लोगो पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडवर पुरेत. हिरवी पट्टी काढा. स्लाइड क्रमांक मात्र प्रत्येकीवर हवाच, प्रश्नोत्तरांत "नऊ नंबरची परत दाखवा" असं म्हणता आलं पाहिजे. टेम्प्लेट कोणतंही असो, शीर्षक प्रत्येक स्लाइडवर त्याच जागी आणि डावी कड सगळीकडे एकच, एवढं स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या सामाईक साच्यात, एकदा ठरवून टाकलं की निम्मी गिचमिड जाते.

वरिष्ठांना पटवायचं असेल तर साठच्या साठ स्लाइड्स एकदम बदलू नका. भूजलाची ही एकच स्लाइड वर सांगितल्यासारखी करा, जुनी आणि नवी दोन्ही त्यांना दाखवा, प्रत्येकी दहा सेकंद, आणि काय लक्षात राहिलं ते विचारा.

एक गोष्ट तुमच्या स्लाइडवर कुठेच नाही आणि समितीचा पहिला प्रश्न तोच असणार: त्या तीन गावांत पाणी का वाढलं नाही? तिथली कामं उशिरा पूर्ण झाली, खालचा खडकच कठीण आहे, की नवीन बोअर वाढले? उत्तर माहीत असेल तर ती तुमची पुढची स्लाइड. माहीत नसेल तर 'कारण शोधत आहोत, अमुक महिन्यापर्यंत सांगू' असं लिहिलेलीही चालेल. तुमच्याकडे यातलं काय आहे ते कळवा, म्हणजे तिचं शीर्षक आपण मिळून लिहू.